बिनपायांचे

“दुधाला जागा नाही, पण गटाराला आहे,” फ्रिजच्या दारात वाकलेली वहिनी पुटपुटली. एका हातात दुधाचं पातेलं तोलत दुसऱ्या हाताने ती बाटल्या सरकवत होती. बाटल्यांवर धाकट्या नणंदेच्या अक्षरात चिठ्ठ्या होत्या: तळं, गोठ्यामागचा नाला, इस्पितळाचं सांडपाणी. फ्रिजच्या पिवळ्या उजेडात ते गढूळ पाणी सरबतासारखं निरागस दिसत होतं.

धाकटी मागेच उभी होती. तिने नाल्याची बाटली काढून घेतली आणि पातेल्यापुरती जागा करून दिली.

आईच्या उजव्या पायाची जखम भरत नव्हती. औषधं एकेक करून हरली होती. धाकटी ज्या प्रयोगशाळेत होती तिथे जिवाणूंना मारणारे विषाणू शोधत. आईच्या जखमेतल्या जिवाणूंवर चालणारा एखादा सापडला, तर डॉक्टर तो वापरून पाहायला तयार होते. पण फार थांबता येणार नाही, म्हणाले. नाही सापडला, तर मग... आणि त्यांनी वाक्य तिथेच सोडलं होतं. घराने ते अर्धवट वाक्य तसंच सांभाळून ठेवलं. दादाने एकदा आईच्या शिलाई मशीनला मोटर बसवायची, म्हणजे पायाने पायटा मारावा लागणार नाही, अशी गोष्ट काढली, तेव्हा सगळे त्याच्याकडे असे बघायला लागले की तो उठून पंखाच पुसायला लागला.

दुपारी आई मशीनशेजारच्या खाटेवर पडून असे. डावं पाऊल खाली सोडून ती पायट्यावर टेकवून ठेवी. उगीच, सवयीने. खिडकीचा पडदा फुगला की खोलीभर उजेड हलायचा, आणि त्या हलत्या उजेडात धाकटी तिला विषाणूंच्या गोष्टी सांगायची. तळ्याच्या चमचाभर पाण्यात कोट्यवधी असतात. एकासारखा दुसरा असेलच असं नाही. प्रत्येकाची खोड वेगळी, आणि प्रत्येकाला आपलाच ठरावीक जिवाणू लागतो. शेजारचा चालत नाही.

“दिसतात कसे गं?”

“काहींना डोकं, मान आणि खाली पाय. सहा.”

“सहा? चैन आहे.”

“सगळ्यांना नसतात. काहींना आखूड शेपटी, काहींना तीही नाही.”

आईने आढ्याकडे बघत विचारलं, “आणि बिनपायांच्यांचं निभतं?”

“छान निभतं,” धाकटी म्हणाली, आणि चादरीची घडी सारखी करू लागली.

जिथे जिवाणू तिथेच त्याचा वैरी असायचा, हे धाकटीला ठाऊक होतं. म्हणजे घरचीच मोरी. जखम धुतलेलं पाणी तिथेच तर जात होतं. पण वहिनी ती मोरी सकाळ-संध्याकाळ फिनेलने अशी घासायची की तिथे विषाणूच काय, झुरळही लाजून परत जाईल. आईच्या काळजीपोटीच ना. कसं सांगणार?

वहिनीनेच एकदा भांडी विसळताना विचारलं, “वन्सं, तुमचा तो विषाणू स्वच्छ घरात राहत नसेल, नाही?” उत्तराची वाट तिने पाहिली नाही. फिनेलची बाटली मात्र माळ्यावर गेली. मोरीच्या कडांना शेवाळी बुळबुळीत थर धरला. डाग दिसला की जिला झोप येत नसे ती वहिनी आता डोळे मिटून, अंग चोरून तिथे आंघोळ करू लागली. धाकटीने एक बाटली भरून नेली. त्याबद्दल दोघी कधीच बोलल्या नाहीत.

आणि मोरीने दिलं. ताटलीत वाढवलेल्या जिवाणूंच्या दुधी थरात, जिथे जिथे विषाणूंनी त्यांना मारलं होतं, तिथे स्वच्छ ठिपके पडले. काही सुईच्या टोकाएवढे, काही चंद्रासारखे, भोवती खळं असलेले. एका मोरीत एवढी कुळं! वहिनीने फोटो शेजारणीला दाखवला. आमच्या मोरीतले आहेत, म्हणाली.

पण ते जखमेतून आधी काढून ठेवलेल्या जिवाणूंवर. जखमेतून ताजे जिवाणू आणून त्यांच्यावर तेच विषाणू सोडले, तेव्हा धाकटी भरदुपारीच घरी परतली. फोनमधल्या ताटलीवर सलग धुकं होतं, कुठे एक भोक नाही. मधल्या दिवसांत जखमेत दुसऱ्याच जिवाणूंनी बस्तान बसवलं होतं.

“मी घासायचं आधी थांबवलं असतं तर...” वहिनी म्हणाली.

“नाही वहिनी. तरी हेच झालं असतं.”

दादा म्हणाला, आपण लांबच्या तळ्यांवर जाऊ. धाकटी म्हणाली, विषाणूही बदलतात, आज नाही तो उद्या असेल. वहिनी म्हणाली, फ्रिजचा खालचा कप्पा रिकामा करते. तिघं एकदमच बोलत होते. पडदा फुगला, खोली पाण्यात असल्यासारखी हलली आणि स्थिर झाली.

आईने पायट्यावरचं पाऊल उचललं. पायटा एकदा वरखाली होऊन थांबला.

“तुझे कोटी आहेत गं,” ती म्हणाली, “पण माझा आहे तो अजून जन्माला यायचाय. त्याच्यासाठी मी किती थांबू? डॉक्टरांना सांगा, पाय काढा म्हणावं.”

ती सुनेकडे वळली.

“आणि तू आधी ती मोरी घास. कधीची वास मारतेय.”