जोडली, सुटली

कानिफनाथांना टेम्पोतून उतरवलं तेव्हा त्यांचा सदरा घामानं चिंब होता. त्यांची बायको कडूबाई त्यांच्या छातीवर हात दाबून धरूनच आत आल्या. पाथर्डीजवळच्या आमच्या लहानशा दवाखान्यात ईसीजी काढायचं काम माझं. एकादशीला दुपारपर्यंत मी मौन धरते. त्या दिवशी ते कधी सुटलं, कळलंच नाही.

त्यांच्या अंगाला वायरी लावल्या, बटण दाबलं. पडद्यावर आलं, यंत्र सापडत नाही.

डॉक्टर हेलनबाईंनी गुठळी विरघळवणारं औषध फ्रीजमधून काढलं होतं, पण फोडलं नव्हतं. कानिफनाथांच्या पोटातून मागच्या वर्षी रक्त गेलेलं. दुखणं हृदयाचं नसेल तर हेच औषध जिवावर बेतायचं. आलेख पाहिल्याशिवाय त्या देणार नव्हत्या, आणि नगरहून ॲम्ब्युलन्स यायला तासभर तरी लागणार होता.

आमचा संगणक विंडोजऐवजी लिनक्सवर चालतो. तो बसवून देणारे स्टीफन राहुरीला असतात. त्यांना फोन लावून स्पीकरवर ठेवला. यंत्राची संगणकात जाणारी वायर काढून परत लावा, म्हणाले, आणि सांगतो ते पडद्यावरच्या काळ्या खिडकीत टाईप करा. माझी बोटं चुकत होती. शेवटी ओळी उमटल्या. यंत्र जोडलं गेल्याची एक, मधे एक न कळणारी, आणि लगेच खाली, सुटल्याची. परत लावली. जोडली, सुटली.

"ताई, मानूस चाललाय माजा," कडूबाई हळू म्हणाल्या, "आन तुमी वायरीशी काय खेळताय?"

मनात विठ्ठलाचं नाव घेत मी वायर परत खोचली.

स्टीफननी मधली ओळ वाचायला लावली. मी अक्षर न् अक्षर वाचलं. ते म्हणाले, वायर चांगली आहे, तिला दुसरंच कोणीतरी ओढून घेतंय. सोमवारी माझ्याच आग्रहावरून त्यांनी सुकन्यासाठी एक प्रोग्राम टाकला होता. सुकन्याला दिसत नाही. ती संगणकाला जोडलेल्या ब्रेलच्या ठिपक्यांच्या पाटीवर बोटं फिरवून केसपेपरचं काम करते. पाटीच्या आणि ईसीजीच्या, दोन्ही वायरींच्या आत चिप एकाच जातीची, म्हणून तो प्रोग्राम ईसीजीलाही तिची पाटीच समजत होता. सोमवारपासून ईसीजीला कोणी आलं नव्हतं, आणि मी तपासून पाहिलं नव्हतं. प्रोग्राम काढला तर सुकन्याची पाटी मुकी होणार होती.

ती शेजारीच बसून सगळं ऐकत होती. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "काढा ना ताई. मला काय विचारताय?"

काढला. वायर लावली. जोडली. मी खालच्या ओळीची वाट बघत राहिले. ती आली नाही.

पडद्यावर रेघ धावू लागली. हेलनबाई वाकून बघत होत्या.

"अटॅकच आहे," त्या म्हणाल्या आणि कुपी फोडली.

कडूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. हे बरं झालं की वाईट, त्यांना उमगेना. मी त्यांचा हात धरला. सलाईनमधून औषध थेंबाथेंबानं उतरत होतं, आणि आम्ही दोघी त्या रेघेवरून नजर न काढता उभ्या होतो.