घरचा वास

फाल्गुन लागला आणि माझी धाकटी जाऊ शालन रोज बोटभर लांब होऊ लागली. उंच नव्हे, लांब. कंबरेपासून खाली वाढत होती, बाकी सगळं होतं तसंच. तिचे पाय अंथरुणाबाहेर जायला लागले तेव्हा आमच्या सासूबाईंनी, आत्यांनी, दोन गोधड्या एकमेकींना टाचून दिल्या.

"सैपाकघरात वळताना कोपरा सांभाळ गं," एवढंच त्या म्हणाल्या.

आमच्या घरामागं जांभळीखाली मधाच्या पेट्या आहेत. सातेरी माश्यांच्या. पेटी घरातल्या एकाच बाईनं उघडायची असा आमच्यात रिवाज आहे. पहाटे अंघोळ करून जायचं, केसांना तेल नाही, डोक्यात फूल नाही, हात ओला आणि उघडा. माश्या जिच्या मनगटावर शांत बसतील तिच्या हातचा पहिला मध देवाच्या पंचामृतात पडतो, आणि वर्षभर घर तिच्या शब्दानं चालतं. लग्न होऊन आले तेव्हापासून त्या माझ्याच मनगटावर बसत आल्या. मी तुळशीला पाणी घातल्याशिवाय ओठ ओला करत नाही, एक वेळ जेवते, मोठ्यानं बोलत नाही. माश्यांना ते कळतं, असं मी धरून चालले होते.

त्या दिवशी मी झाकण उचललं. माश्या वर आल्या, माझ्या मनगटापाशी थांबल्या, आणि मला वळसा घालून सैपाकघराच्या खिडकीत गेल्या. शालन तिथं कांदा चिरत होती. माश्या तिच्या हातावर ओळीनं बसल्या. कांद्याच्या हातावर.

"आक्का, ह्यांना न्या की," शालन म्हणाली. "मला चिरता येईना."

"असू देत," मी म्हणाले, आणि देवघरात जाऊन जपाला बसले. त्या दिवशी माळेचा प्रत्येक मणी बोटाला चिकटत होता.

चैत्रात जांभळी फुलल्या आणि घर कामाला लागलं. ह्यांच्या, माझ्या नवऱ्याच्या, बरगड्यांखालून मेणाचे पातळ पापुद्रे सुटू लागले. बनियन धुताना ते माझ्या हाताला लागायचे. ते पापुद्रे हे स्वतः चावून मऊ करत आणि भिंतीला लावत. आत्यांनाही मेण सुटलं, पण थोडं. "वयानं कमी येतं," त्या म्हणाल्या, "नाहीतर तुमच्या सासऱ्याला मी उभं घर बांधून दिलं असतं." मला काही सुटलं नाही. मी रोज अंघोळीच्या वेळी बरगड्या चाचपून बघत होते.

भिंतींवर मेणाची पोळी चढली तशा खोल्या अरुंद झाल्या. माजघरात दोन माणसं पाठीला पाठ लावून सरकतील एवढीच वाट उरली. त्याहून जास्त जागा कुठं राहिली की हे रात्रीतून ती भरून काढत.

शालन आता माजघरभर आडवी होती. तिला हातानं जेवता येत नव्हतं. घरातली-वाडीतली माणसं आळीपाळीनं तिच्याजवळ जात, वाकत, आणि ओठांतून पांढरा चीक तिच्या तोंडात सोडत. आत्या जात. शेजारच्या दोघी जात. एका दुपारी मी निरांजनाला तूप घ्यायला आले, तेव्हा हे वाकले होते.

माझे उपास सोडायची वेळ झाली की हे अंगणात असतात. एवढ्या वर्षांत कधी ताट पुढं सरकवलेलं मला आठवत नाही. शालनच्या हनुवटीवर थेंब ओघळला होता. तो त्यांनी अंगठ्यानं पुसला.

"काय बघतीस?" ते म्हणाले.

"तूप बघतेय."

"तिकडं, फडताळात."

तूप कुठं असतं ते मला ठाऊक होतं. मीच ठेवते.

शालनचा नवरा हणमंत, माझा दीर, ह्या सगळ्यात पडवीत बसून असायचा. त्याचे डोळे मोठे होत होत डोक्यावर एकमेकांना भिडले होते. त्याच्यासारखे वाडीतले आणखी चार-पाच त्याच्याशेजारी येऊन बसत. त्यांना मेण सुटत नव्हतं, चीक येत नव्हता.

"वहिनी, चहा टाकताय का?"

"खाऊन पडायला तेवढं बरं येतंय मुडद्यांना," आत्या आतून म्हणायच्या. पण चैत्रात मध भरपूर होता, म्हणून नुसतं बोलणंच असायचं.

जांभळीचा फुलोरा संपला. ढग खाली आले. मग एका सकाळी आत्यांनी हणमंतचा कान धरला. ह्यांनी त्याचे पाय धरले. दोघांनी त्याला पडवीतून ओढून पायरीवर आणलं आणि बाहेर सोडलं. भांडण झालं नाही. हणमंत परत वर चढला, त्यांनी परत सोडला.

"आई, मी हणमंत," तो म्हणाला.

"ठावं हाय. पावसाळ्याला पुरायचं नाही आपल्याला."

शालननं विचारलं नाही की नवरा कुठं गेला. तिला भरवणं चालू होतं. मी देवघराच्या दारात उभी राहून घरातली माणसं मोजली. मेण सुटणारी, चीक येणारी आणि लांब होणारी. उरले मी.

दुसऱ्या दिवशी देवळातून आले तर आत्या उंबऱ्यावर बसल्या होत्या. त्यांनी माझं मनगट धरून वास घेतला, मग गळ्याचा.

"कापूर. झेंडू. ऊद," त्या म्हणाल्या. "हा आमच्या घरचा वास न्हाई."

"आत्या, मी थोरली."

"थोरलीचा वास मला म्हाईत हाय."

आतून हे आले. त्यांनीही वास घेतला, माझ्या कानामागं, जिथं त्यांनी कित्येक वर्षांत तोंड आणलं नव्हतं. मी डोळे मिटले. ते म्हणाले, "कुणाकडं आलाय तुम्ही?"

मग माजघरातून शालनचा आवाज आला. "येऊ द्या की त्यांना. आक्का हायत त्या."

दोघं लगेच बाजूला झाले. ज्या घरात मी माप ओलांडून आले होते, त्यात मी धाकटीच्या शब्दानं शिरले.

पुढची एकादशी आली. मी देवाला केळ्याचा नैवेद्य दाखवला. केळं चांगलं पिकलेलं, सालीवर काळे ठिपके धरलेलं होतं. आमच्या धंद्यात पिकलं केळं खाऊन कुणी पेटीपाशी जात नाही. माश्या चवताळतात तेव्हा त्यांच्या अंगाला तोच वास सुटतो, आणि तो आला की सगळी पेटी अंगावर येते. हे आमच्या वाडीत पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं.

मी केळं सोलून माजघरात नेलं. हे आणि आत्या मागच्या भिंतीवर काम करत होते.

"परसाद," मी शालनला म्हणाले.

तिनं तोंड उघडलं. मी भरवलं. मी तिला भरवायची ती पहिलीच वेळ. तिनं अर्धं खाल्लं आणि कुशीवर वळली. एवढ्या लांब अंगाला वळायला वेळ लागला. उरलेलं अर्धं तिनं माझ्या ओठांशी धरलं.

"आक्का, तुमचा उपास. घ्या."

नैवेद्य तोंडाशी आला की मी नाही म्हणत नाही. ते माझं व्रत आहे. मी खाल्लं.

भिंतीवरचं काम थांबलं. आत्यांनी नाक वर केलं. वाडीतली माणसं पडवीतून आत येऊ लागली, त्या अरुंद वाटेनं, पाठीला पाठ लावून, आणि एकही शब्द न बोलता. कुणी डंख केला नाही. घरच्या बाईला डंख करत नाहीत, तिला मधे घेऊन बिलगतात आणि नुसत्या उबेनं संपवतात. आत्यांनी माझ्या खांद्याला छाती लावली. त्यांच्यावर शेजारच्या दोघी आल्या. सगळे जागच्या जागी थरथरू लागले. ऊब वाढत गेली, तसं भिंतीवरचं मेण चकाकायला लागलं. मला शालनवर ढकललं गेलं. तिचं कपाळ माझ्या कपाळाला टेकलं.

"आक्का," ती म्हणाली, "तुमच्या तोंडाला केळ्याचा वास येतोय."

"तुझ्याही."

"मग ह्या सगळ्यांना कळणार कसं, कोण कुठली?"

बाहेरून आणखी माणसं चढत होती. मग मला ह्यांचा हात ओळखू आला, तर्जनीवर पेटीला धूर द्यायच्या धुराड्यानं भाजल्याची जुनी खूण असलेला. तो गर्दीतून आत शिरला, पाठीवरून फिरला आणि घट्ट दाबून राहिला. इतकी वर्षं मी त्या हाताची वाट पाहत होते. माझी आणि शालनची पाठ मला आता वेगळी लागत नव्हती.