मागचा दांडा

झुवेना भावाच्या वर्कशॉपमध्ये कधी येत नसे. त्यामुळे त्या दिवशी ती कॉफीचा थर्मास काखेत धरून दारात उभी राहिली, तेव्हा सुवेलिमने काही न विचारता ग्राइंडर बंद केला. बहीण गप्पा मारायला आलेली नाही, एवढं त्याला कळलं.

"आमचा मतर या वर्षी लंगडी चढणार म्हणतोय," ती म्हणाली.

लंगडी म्हणजे गावाबाहेरची सगळ्यात उंच वाळूची टेकडी. तिची एक बाजू कायम ढासळलेली असते, म्हणून लंगडी. थंडी पडली की आसपासच्या वस्त्यांतली पोरं पिकअप घेऊन तिच्या अंगावर धावतात, गाव खाली चटया टाकून बघत बसतं आणि जो माथ्यावर पोचतो त्याचं नाव वर्षभर कॉफीबरोबर फिरतं. दोन वर्षांपूर्वी झुवेनाचा थोरला, थानी, माथ्यापासून दहा हात खाली आडवा झाला होता. गाडी चार वेळा उलटली आणि टप सीटच्या पाठीला जाऊन टेकला. त्याला बाहेर काढायला पत्रा सुवेलिमनेच कापला होता, याच ग्राइंडरने. तो त्याने नंतर फेकून द्यायला हवा होता. माणसं असल्या वस्तू फेकत नाहीत, वापरत राहतात.

"मी नको म्हटलं. पायसुद्धा धरले त्याचे," झुवेना म्हणाली. "म्हणतो, भावाचं राहिलेलं मी पुरं करणार. आता तूच काय ते बघ. गाडीच्या आत पिंजरा करून दे त्याला. असा, की गाडी आभाळातून पडली तरी पोरगा चालत बाहेर आला पाहिजे."

"लोखंड आहे ते झुवेना. ताईत नाही."

"दुसरा मुलगा नाही मला, सुवेलिम."

सुवेलिमने हात पुसले आणि तो म्हणाला, "मतर माझ्या तोंडावर."

हे वाक्य तिथे कुणी उगीच उच्चारत नाही. ज्याला तुम्ही तोंडावर घेतलं त्याच्या जिवाला काही झालं, तर काळं तुमच्या तोंडाला लागतं आणि मग चारचौघांत कॉफीला बसायची सोय राहत नाही. सुवेलिमच्या आजोबांनी एका खुन्याला असं तीन महिने तंबूत सांभाळलं होतं. सुवेलिमला फक्त एका हट्टी भाच्याला सांभाळायचं होतं, आणि ते जास्त अवघड होतं. झुवेनाने त्याच्यासाठी कॉफी ओतली. त्याने तीन पेले घेऊन चौथ्याला 'पुरे' म्हणून पेला हलवला, तेव्हा कुठे ती घरी गेली.

दुसऱ्या दिवशी मतर आला तो पाइप घेऊनच. चोवीस वर्षांचा, खांद्यात रुंद, डोक्याला फडकं तिरकं गुंडाळलेलं.

"मामा, सामान आणलंय. चार पाय, मागे हौद्याच्या पत्र्यावर बोल्ट. दोन दिवसांत उरकून टाकू."

सुवेलिमने पाइप हातात घेऊन वाजवला. "हा नळाचा पाइप आहे. आईच्या मोरीत पाणी नेतोयस का?"

"हलका आहे. लंगडीला वजन चालत नाही मामा. दर किलोला गाडी हातभर खाली राहते."

"इकडे ये."

त्याने पाइप वाकवायच्या यंत्रात घातला आणि दांड्यावर जोर दिला. निम्मा वाकला नाही तोच पाइपची शिवण उसवली आणि तो पोटाकडून चपटा झाला. सुवेलिमने तो तुकडा भाच्याच्या पायाशी टाकला.

"हे तुझं डोकं. उचल आणि घरी ने."

मतर हसला, पण त्या तुकड्याकडे बघत राहिला. चेपलेल्या गाडीतल्या थानीला त्यानेही पाहिलं होतं.

मग सुवेलिमने मस्कतहून बिनशिवणीच्या नळ्या मागवल्या, जाड पोटाच्या, काळ्या. सहा पाय ठरवले. दोन पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबांना लागून खाली, दोन सीटच्या मागच्या कमानीचे आणि दोन मागे तिरपे, हौद्याला भोक पाडून थेट चॅसीपर्यंत. "पत्र्यावर पिंजरा बसवला, तर पत्रा फाटतो आणि पिंजराच तुझ्या मांडीवर येऊन बसतो," त्याने समजावलं. कमानीत एक आडवातिरपा दांडा आणि दारांना दोन-दोन. सगळं मिळून शंभर किलोच्या वर जात होतं, आणि ते ऐकून मतरच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"त्यापेक्षा म्हातारीला शेजारी बसवून चढतो की! तेवढंच वजन होईल."

"मग नको चढू."

"चढणार. पण माझंही ऐका. शेजारची सीट काढायची. एसी काढायचा, स्टेपनी काढायची. तुमचं लोखंड आत, माझा कचरा बाहेर."

"काढ," सुवेलिम चटकन म्हणाला. आपण जिंकलो असं त्याला वाटलं, आणि त्या समाधानात त्याने पुढचा विचार केला नाही.

तीन आठवडे तो त्या गाडीच्या आतबाहेर होता. असं काम त्याने आयुष्यात केलं नव्हतं. नळीला नळी बसते तिथे माशाच्या तोंडासारखी खाच घासून घासून इतकी नेमकी केली, की सांध्यातून केस जाणार नाही. टपाकडचा सांधा वेल्ड करायला हात पोचेना, तेव्हा त्याने तळाला भोकं पाडून अख्खा पिंजरा खाली सोडला, वरून वेल्ड केला आणि परत उचलून बसवला. डोक्याजवळच्या नळ्यांना जाड फोम गुंडाळला. मतर कंटाळून जायचा. सुवेलिम प्रत्येक सांध्यावर बोट फिरवायचा. त्याला वाटायचं, दोन वर्षांपूर्वी हे केलं असतं तर.

शेवटच्या आठवड्यात त्याचा मुलगा गासिब रजेवर आला. बंदरावर जकातीच्या कचेरीत कारकून होता, दिसायला आईसारखा बारीक, बोलायला मऊ. लहानपणी वाळूत गाडी वरखाली झाली की तो ओकायचा आणि सगळं घराणं त्याला त्यावरून चिडवायचं. वाळवंटातल्या बदूचं पोर आणि वाळू लागते! तो पिंजऱ्यात डोकावला आणि म्हणाला, "बाबा, हे राजासाठी केलंय. पण दुसरा माणूस कुठे बसणार?"

"मागे," मतर म्हणाला. "पण मामांनी मागे नुसत्या दोन तिरप्या काठ्या सोडल्यात. धरायला काही नाही. लोक म्हणतील, मतरच्या गाडीत पाहुण्याला उभं राहायला जागा नाही."

पिंजरा आत पट्ट्याने बांधलेल्या माणसासाठी असतो, मागे कुणी उभं राहायचं नसतं, हे सुवेलिमला गासिबपेक्षा आणि मतरपेक्षा जास्त कळत होतं. त्याने ते बोलायला हवं होतं. पण ज्या पिकअपच्या मागे चार माणसं घेता येत नाहीत ती पिकअप कसली? तो स्वतःच्या लग्नाला असाच, हौद्यात उभा राहून, भावांच्या घोळक्यात गेला होता. कुणाला गाडीत घेता न येणं म्हणजे कंजुषी, आणि कंजुषी त्याच्या घरात नव्हती. त्याने दोन हात लांबीचा तुकडा कापला आणि मागच्या दोन तिरप्या पायांमध्ये, कमरेच्या उंचीला, आडवा वेल्ड केला. कडा घासून गुळगुळीत केल्या. उन्हात लोखंड तापून हात भाजू नये म्हणून त्यावर उंटाच्या पट्ट्याची लोकरी दोरी घट्ट गुंडाळली.

"धरून बघ," तो गासिबला म्हणाला.

गासिबने दोन्ही हातांनी धरून हिसका दिला. "हलत नाही बाबा."

चाचणी शुक्रवारी, दुपार उतरतानाच्या अस्रच्या नमाजानंतर ठरली. वाळू तेव्हा जरा निवते. मतरने चारही चाकांची हवा कमी केली, आत बसला, पट्टे आवळले. तो एकटाच निघालेला बघून सुवेलिमने हात वर केला.

"थांब. वाळूत एकटा कुणी जात नाही."

हा तिथला पहिला नियम. तहानेने, रुतून, वाट चुकून जे मेले ते सगळे एकटे गेलेले होते. पोरांना चालायच्या आधी हे शिकवतात. टेकडी हाकेच्या अंतरावर होती, खाली सुवेलिम स्वतः उभा होता, तिथे या नियमाचं काही काम नव्हतं. पण त्याने भाचा तोंडावर घेतला होता, आणि वर माथ्याजवळ काही झालं तर त्याला स्वतःला चढून जायला अर्धा तास लागला असता.

"गासिब, तू जा बरोबर."

"मी?" गासिब हसला. "बाबा, मी ओकेन त्याच्या डोक्यावर."

"ओक. पण मागचा दांडा सोडू नको. काही झालं तरी सोडू नको, कळलं?"

"मामा, खुशाल पाठवा," मतर आतून ओरडला. "तुमच्या कारकुनाला आज माणसात आणतो!"

गासिबने चपला काढून वडिलांच्या पायाशी ठेवल्या आणि हौद्यात चढला.

पहिल्या दोन खेपांना गाडी निम्म्यावर दमली आणि मतरने ती शहाण्यासारखी सरळ मागे उतरवली. हाच तर खरा धडा: दम संपला की सरळ मागे यायचं, स्टिअरिंग वळवायचं नाही. वळवलं की गाडी आडवी, आणि आडवी की गेली. थानीने वळवलं होतं. तिसऱ्या खेपेला मतर माथ्यापासून वीसेक हातांवर पोचला, चाकं फिरू लागली, वाळू मागे उडाली. सुवेलिम खालून ओरडला, "मागे! सरळ मागे!" मतरने वळवलं. नंतर विचारलं तेव्हा तो म्हणाला, मला वाटलं, पिंजरा आहे ना.

गाडी तीनदा उलटली आणि चाकांवर येऊन थांबली.

पन्नाशीचा सुवेलिम ती टेकडी कसा चढला ते त्याला कधीच आठवलं नाही. तो पोचला तेव्हा दार उघडलं होतं आणि मतर वाळूत उभा होता, कपाळाला एक ओरखडा, पण उभा होता. सुवेलिमने त्याचे खांदे, मान, हात चाचपले. मग आत वाकून कमानीच्या सांध्यावर बोट फिरवलं. एकही तडा नव्हता. टप एक इंचही खाली आला नव्हता. त्याच्या छातीत असा आनंद उसळला की तो मोठ्याने "अल्हम्दुलिल्लाह" म्हणाला, दोनदा म्हणाला. आणि मग त्याला आठवलं की त्याने दोन माणसं वर पाठवली होती.

गासिब हौद्यात होता. वाळू मऊ होती. हात सोडला असता तर तो पहिल्याच पलटीत दूर फेकला गेला असता, एखादं हाड मोडलं असतं आणि पुढे वर्षभर लोकांनी त्याला चिडवलं असतं. त्याने सोडला नव्हता. गाडीचं सगळं वजन त्या दोन तिरप्या पायांवर आणि त्यांच्यामधल्या दांड्यावर येऊन गेलं होतं, तीनदा. दांडाही वाकला नव्हता. लोकरी दोरीभोवतीची बोटं सुवेलिमला एकेक करून सोडवावी लागली.

दुखवट्याची बैठक तीन दिवस बसली. माणसं येत होती, वाकून हात मिळवत होती, खजूर आणि कॉफी घेऊन उठत होती. दुसऱ्या दिवशी पलीकडच्या वस्तीतला एकजण निघताना हळूच म्हणाला, "हे बोलायची वेळ नाही, पण तुझा पिंजरा बघून आलो. माझ्याही पोराला तसाच हवाय." सुवेलिमने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते त्यालाही कळलं नाही.

तिसऱ्या दिवशी झुवेना पुरुषांच्या बैठकीच्या दारात आली. तिला यावंच लागणार होतं. कुणी तुमच्या माणसाला तोंडावर घेऊन तो सुखरूप परत दिला, तर चार लोकांसमोर ते बोलून दाखवायचं असतं. नाही बोललं तर त्याचा शब्द हवेत राहतो, आणि तो अपमान असतो. तिच्या मागे मतर उभा होता, मान खाली, कपाळावर एवढीशी पट्टी. तिने सुवेलिमकडे बघितलं, मग जमिनीकडे.

"राहू दे," सुवेलिम म्हणाला. "झुवेना, राहू दे ते."

तेवढ्यात बायकांच्या बाजूचा पडदा सरकला. सुवेलिमची बायको शम्सा तीन दिवसांत पहिल्यांदा बाहेर आली होती. तिच्या हातात गासिबच्या चपला होत्या, अजून वाळूने भरलेल्या.

"का राहू दे?" ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "म्हण ना गं. सगळ्यांसमोर म्हण. कमावलंय त्याने."

झुवेना रडायला लागली. रडत रडतच तिने ते म्हटलं, जसं म्हणतात तसं, पूर्ण: "अल्लाह तुझं तोंड उजळ करो, सुवेलिम."

सगळे त्याच्या उत्तराची वाट बघत होते. सुवेलिमने शम्साकडे बघितलं. तिने चपला उलट्या करून उंबऱ्यावर झटकल्या, वाळू पडली, आणि ती आत निघून गेली.

"तुझंही," सुवेलिम म्हणाला, आणि कुणीतरी त्याच्या हातात कॉफीचा पेला दिला.