गुंडाळ्याच्या गच्चीवरची तार

मित्रांनो, मी एक जुनी अँटेना आहे. दिसायला साधी तांब्याची तार. उद्या कुणी भंगारात टाकली तरी नवल नाही. पण माझ्या अंगावर माणसाचं रक्त सांडलेलं आहे. ते कसं सांडलं, ते ऐका.

मला घडवणारा कारागीर कारखान्याच्या फाटकासमोर पाण्याच्या पंपांच्या जळक्या मोटारी दुरुस्त करायचा. दिवसभर तार गुंडाळायचा, म्हणून सगळे त्याला गुंडाळ्या म्हणत. त्याच्याकडे हौशी रेडिओचा, म्हणजे घरबसल्या दूरदूरच्या माणसांशी बोलायचा, परवाना होता आणि डोक्यात त्याचंच वेड. आधी त्याने खिडकीच्या गजाला तार बांधून पाहिली. नुसती खरखर आली. मग गच्चीत धातूचा उभा पाइप रोवला. तो वाऱ्याने शेजाऱ्याच्या पत्र्यावर कोसळला. शेवटी त्याने मला घेतलं. माझे दोन हात, एकेक दहा मीटरचा, आणि मधोमध खाली रेडिओपर्यंत जाणारी केबल. त्याची थोरली बहीण शिवणकाम करायची. तिनेच शिवणाच्या टेपने माझी मापं काढली.

"ताई, वीतभर काप."

"चारच बोटं कापते. कापड काय नि तार काय, जास्त कापलं की रडत बसायचं."

मला खाली बांधलं की आसपासचेच आवाज येत. उंच बांधलं की समुद्रापलीकडचे येत. गुंडाळ्याला लांबचे हवे होते, म्हणून मी उंच गेले.

कारखान्याचा मुकादम रोज चहाला यायचा. मान वर करून म्हणायचा, "तुझी तार परदेशात बोलते रे. माझी बायको घरात बोलत नाही!"

एका सकाळी कारखान्याचा बॉयलर फुटला. तीन कामगार भाजून मेले. बाकीच्यांनी फाटकापुढे ठिय्या दिला. तिसऱ्या दिवशी भर दुपारी आतून रखवालदारांनी गोळ्या झाडल्या. रस्त्यावर माणसं पटापट कोसळली. जखमींना फरफटत गुंडाळ्याच्या दुकानात आणलं. मोटारींच्या मधल्या फरशीवर रक्त साचलं. फोन तोडलेले होते आणि रस्त्यावर रखवालदारांचा पहारा होता. गुंडाळ्या माईककडे धावला. तेवढ्यात एका गोळीने माझी दोरी तुटली आणि मी धाडकन गच्चीत पडले.

तो मला परत चढवायला वर आला. मागच्या शिडीने मुकादम दोन माणसं घेऊन आला. त्यांनी गुंडाळ्याला पालथं पाडलं. मुकादमाने माझा एक हात हिसडून तोडला, मुठीला गुंडाळला आणि त्याच्या पाठीवर ओढला. सदरा फाटला. दुसऱ्या फटक्याला कातडी फाटली.

"मुकादम, माझ्या हातचा चहा प्यायलात तुम्ही!"

"म्हणून तर जिवंत सोडतोय."

मग त्याने लोखंडी दांड्याने गुंडाळ्याच्या उजव्या हाताची बोटं ठेचली. माझा दुसरा हात त्याने गच्चीवरून खाली भिरकावला. "तार गेली, रेडिओची पेटी मुकी," म्हणत तो निघून गेला.

ताईने भावाला खांद्यावर टाकून खाली आणलं. तो कण्हत म्हणाला, "ताई, तारेचा एकच हात उरलाय."

"एकच तर एक. कसा जोडू ते सांग."

"केबलचा मधला धागा तारेला. वरची जाळी पाण्याच्या नळाला. आणि तार अंगणात ताण, कपडे वाळत घालतेस तिथे."

"इतकी खाली?"

"आता जवळचंच माणूस हवंय आपल्याला."

मी डोक्याइतक्या उंचीवर ताणले गेले. ताई आयुष्यात कधी माईकवर बोलली नव्हती. तिने बटण दाबलं. "कुणी आहे का? इथे माणसं मरतायत." चौथ्यांदा बोलली तेव्हा डोंगरापलीकडचे एक निवृत्त तारमास्तर उत्तरले, "ऐकतोय, बाई. हळू सांगा, लिहून घेतोय."

दोन तासांनी रुग्णवाहिका आल्या, मागोमाग पोलीस आले. तोवर चौघांनी फरशीवरच प्राण सोडले होते. एकोणीस जण वाचले.

पोलिसांच्या गाड्या दिसताच रखवालदार पळाले. मुकादम मात्र जमावाच्या हाती लागला. माझा तुटलेला हात अजून त्याच्या मुठीत होता. कुणीतरी तो उलगडून त्याच्याच गळ्याभोवती टाकला आणि दोघांनी दोन टोकं ओढली. त्याचे डोळे बाहेर आले. मी कातडीत रुतत होते. मित्रांनो, तारेला सैल होता येत नाही!

ताई पक्कड घेऊन गर्दीत घुसली. कोपराचे दोन फटके खाल्ले, ओठ फुटला, तरी तिने मला त्याच्या मानेजवळ कापलं.

"मारू द्या ना, ताई! तुमच्या भावाची बोटं..." गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

"ठाऊक आहे मला. गोळ्या झाडा असं कोण म्हणालं, ते हा सांगणार आहे. मेला तर कोण सांगेल?"

आणि मुकादमाने कोर्टात ते सांगितलं. हुकूम देणारा कारखान्याचा मालक तुरुंगात गेला, मुकादमही गेला. गुंडाळ्याची बोटं मात्र वळली नाहीत. आता मोटारीवर तार ताई गुंडाळते आणि तो शेजारी बसून वेढे मोजतो. माझे कापलेले तुकडे कोर्टाच्या कपाटात चिठ्ठी लावून पडले आहेत. उरलेली मी अंगणात आहे.

माझं एवढंच मागणं आहे. तार विजेच्या खांबापासून दूर बांधा, वादळाआधी गाठी तपासा. उंच बांधा, नाहीतर खाली बांधा, पण बांधून ठेवा. रागावलेल्या माणसाच्या मुठीत देऊ नका.