कोमट पाणी

चौसष्ट साली रहिमतपूरजवळच्या आमच्या मळ्यात विहिरीवर डिझेलचं इंजिन आलं. त्याला थंड ठेवायला फिरवलेलं पाणी नळीतून कढत बाहेर पडायचं आणि आम्ही बायका त्यावरच धुणं उरकायचो.

पण इंजिन डिझेल फार प्यायचं. माझे सासरे वैतागले. "शनवारपतोर ह्याचं पिणं कमी झालं न्हाई, तर पुन्यांदा मोट जुंपतो."

आमचे हे हट्टाला पेटले. डिझेल आत फवारायची वेळ ते आवाजावरून जराजरा मागंपुढं करत बसायचे. "आता कमी पितंय," म्हणायचे. सासरे नुसते हसायचे.

शनिवारी सासरे मोट ओढायचा जाड दोर, नाडा, खांद्यावर टाकून निघाले, तोच शेजारची शाहजादी धुण्याचं गाठोडं घेऊन तणतणत आली.

"जालिंदरभाऊ, काय केलंसा इंजिनाला? पाणी निस्तं कोमट येतंय!"

हे उडालेच. "आबा, ऐकलंसा? पाणी तापवण्यात जाणारं डिझेल आता पंप वढतंय!"

सासऱ्यांनी नळीखाली बराच वेळ हात धरला. मग नाडा खुंटीला अडकवला. "ऱ्हाऊ दे इंजिन."

"आन माझं धुणं?"

"चुलीवर तापीव की पाणी."

"मग सरपण तुमीच द्या, आबा."

तिला शेवटपर्यंत सरपण आमच्याच मळ्यातून गेलं.