आखाडातला पिच्चर

सौंसरच्या हेमराजला संत्र्याच्या झाडाचं सगळं कळायचं. पान जरा मुडपलं की मुळाशी काय बिघडलंय ते तो बांधावर उभा राहून सांगायचा. पण घरातली माणसं काही झाडं नव्हेत. त्यांचं कळायचं तर तोंड उघडून विचारावं लागतं, आणि तिथंच त्याचं घोडं पेंड खायचं.

वैशाखात त्यानं आपल्या एकुलत्या एका डिंपलचं लग्न लावून दिलं. मुलगा पांढुर्ण्याकडचा, नाव गजेंद्र. नदीच्या पुलापलीकडे सावरगावात बी-बियाण्याचं आणि खताचं स्वतःचं दुकान, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही, आणि गोटमारीच्या दिवशी, नदीच्या दोन काठांवरची दोन गावं रिवाज म्हणून एकमेकांवर दगडफेक करतात तेव्हा, तिकडे न जाता घरात बसून राहणारा. चौकशीत ही शेवटची गोष्ट कळली तेव्हाच हेमराजनं मनात हो म्हणून टाकलं. डिंपलला खरं तर बी.एड. करायचं होतं. मुलगा पाहून गेला त्या संध्याकाळी ती एवढंच बोलली, "तुम्ही म्हणाल तसं, बाबा." त्यानं तो होकार धरला आणि लग्नाच्या तयारीला लागला. लग्न उरकलं, मांडव उतरला, पाहुणे पांगले, आणि मग ते चार शब्द माशाच्या काट्यासारखे त्याच्या घशात येऊन बसले.

आता आखाड लागला होता. पहिल्या आखाडात नव्या सुनेनं सासरी राहू नये, नवरा-बायकोनं एकमेकांचं तोंड पाहू नये, अशी तिकडची रीत. म्हणून हेमराज स्वतः जाऊन डिंपलला घेऊन आला. पोरगी घरात नीट वागत होती. भाकरी थापायची, विचारलं तेवढं बोलायची. पण दुपारी दोन वाजले की नाहीशी व्हायची.

चौथ्या दिवशी तो बगीच्यातून लवकर परतला, तेव्हा तिचा पत्ता लागला. घरामागं संत्र्याचे रिकामे क्रेट ठेवायची खोली होती. तिचं दार आतून लावलेलं, आणि आतून मुसमुसल्याचा आवाज. मध्येच दाबलेला हुंदका, मग नाक ओढणं, मग पुन्हा हुंदका. हेमराजच्या हातातलं फवारणीचं यंत्र तसंच राहिलं. थोड्या वेळानं डिंपल बाहेर आली. डोळे लाल, गाल ओले, ओढणीचं टोक चावून चावून चुरगळलेलं.

"काय झालं?"

"काही नाही, बाबा. कचरा गेला डोळ्यात." आणि खाली मान घालून ती घरात गेली.

दोन्ही डोळ्यांत एकदम कचरा जातो होय? हेमराज इतकाही भोळा नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यानं मुद्दाम दाराबाहेर उभं राहून पाहिलं. तेच मुसमुसणं, तेच लाल डोळे.

"अवं, पोरगी रोज रडून राहिली," तो बायकोला, इंदूला म्हणाला.

इंदू तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "मंग तिलेच विचारा ना, काऊन रडते म्हणून. मले काऊन सांगता?"

विचारता येत असतं तर रडगाणं कशाला! लेकीला काय झालं हे विचारायला स्वयंपाकघर ते ओसरी एवढीच वाट होती. पण ती वाट हेमराजला जमेना, आणि चाळीस किलोमीटरची जमली. तहसीलमध्ये काम आहे असं खोटं सांगून दुसऱ्या दिवशी बाराच्या सुमारास तो पांढुर्ण्याच्या बसमध्ये चढला. जावयाला काय म्हणायचं हे रस्ताभर मनात घोकत होता. माझ्या पोरीला काही कमी-जास्त बोलता का? घरात काही त्रास आहे का? मग त्याला वाटायचं, पोरीला आधी त्रास दिला तो आपणच. तिच्या मनात काय आहे ते एका शब्दानं न विचारता सोयरीक जमवली, आता जावयाला कोणत्या तोंडानं विचारायचं? आखाडात आगाऊ न कळवता व्याह्याकडे जाणंही बरं दिसेना. म्हणून बसस्टँडवर उतरल्यावर त्यानं सरळ पूल ओलांडला आणि दुकान गाठलं.

दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. दोन वाजून गेले होते, जेवणाची सुट्टी असावी. हेमराज वाकून आत शिरला आणि जागीच थांबला.

गजेंद्र युरियाच्या पोत्यावर बसला होता. कानात इअरफोन, समोर डबा उघडा, भाजी तशीच. तोंडावर हात दाबून धरलेला, खांदे गदगदत होते, डोळ्यांतून पाणी गालावर. अगदी डिंपलसारखंच! दोन्हीकडे रडणं चाललंय म्हणजे काय समजायचं?

तेवढ्यात गजेंद्रनं हात बाजूला केला. त्याचे सगळे दात दिसत होते. तो रडत नव्हता, हसत होता. पोट धरून, आवाज न करता, गिऱ्हाईक येईल या भीतीनं हसत होता. बिलं काढायच्या कॉम्प्युटरवर कसलासा पिच्चर चालू होता, आणि बाजूला मक्याच्या बियाण्याच्या पाकिटाला टेकवलेल्या मोबाईलमध्ये क्रेटच्या खोलीत बसलेली डिंपल होती. तिच्या तोंडात ओढणीचा बोळा, आणि तीही हसून हसून रडत होती. तिच्या लहानपणी बैलानं हेमराजची टोपी खाल्ली तेव्हा ती अशी हसली होती. त्यानंतर त्याला तिचं हे तोंड आठवत नव्हतं.

सासऱ्याला पाहून गजेंद्र ताडकन उठला, इअरफोन ओढला गेला, मोबाईल पाकिटासकट आडवा झाला. "मामाजी! तुम्ही? असे अचानक?"

"बियाणं..." हेमराज म्हणाला. सौंसरात बियाण्याची दुकानं काय ओस पडली होती? पण गजेंद्र भला माणूस. त्यानं दुसऱ्या पोत्यावरची धूळ झटकली, सासऱ्याला बसवलं, पाणी दिलं. मग लाजत लाजत सगळं सांगितलं. सुट्टी अर्ध्या तासाची, म्हणून पिच्चर रोज अर्धा तास. दोघांनी एक-दोन-तीन म्हणून एकदमच चालू करायचा. एकट्यानं पुढचं पाहायचं नाही. आणि आखाडात नवऱ्याचं तोंड पाहायचं नाही हे खरं, पण मोबाईलमध्ये दिसलेलं तोंड धरत नाहीत, असा दोघांनी मिळून निकाल लावला होता.

"पण पिच्चरच काऊन?" हेमराजनं विचारलं.

गजेंद्र डब्याकडे पाहत म्हणाला, "लग्न झाल्यावर तिनं मले सांगितलं, मामाजी, की तिले कोणी काही विचारलंच नाही. मले लय वाईट वाटलं. मी म्हटलं, मंग आता मी विचारत जाईन, रोज एक गोष्ट. आवडीचा पिच्चर, आवडीची भाजी. बी.एड.चंही विचारलं. पुढच्या सालचा फॉर्म भरून राहिलो आम्ही." मग घाईनं म्हणाला, "तुमची तक्रार नाही केली तिनं. फक्त सांगितलं."

जे काम बापाला वीस-बावीस वर्षांत सुचलं नाही, ते या पोरानं दोन महिन्यांत रोजचं करून टाकलं होतं.

आडव्या मोबाईलमधून आवाज आला, "अहो, कुठं गेले? घोडी दुकानात शिरली ना!" गजेंद्रनं मोबाईल उभा केला. डिंपलनं बापाला पाहिलं आणि तिचे डोळे मोठे झाले. "बाबा? तुम्ही तिथं काय करून राहिले?"

"तुझा पिच्चर पाहून राहिलो," हेमराज म्हणाला.

पिच्चर म्हणजे नुसता येडपटपणा होता. एक पोरगा लग्नाच्या वरातींना घोडी भाड्यानं देतो. ती घोडी नवरदेव कोणताही असो, एका शिंपीण पोरीच्या दुकानासमोर जाऊन थांबते आणि हलत नाही. त्या दिवशी तर ती नवरदेवासकट दुकानात शिरली आणि नवरदेवाचा फेटा पंख्यात अडकला. हेमराजनं सासऱ्याला शोभेल असं तोंड करून पाहिलं. फेटा पंख्याबरोबर गरगर फिरायला लागला तेव्हा मात्र त्याचा बांध फुटला. तो इतक्या जोरात हसला की शटरखालून एक गिऱ्हाईक डोकावून गेलं.

परत आल्यावर इंदूनं गालातल्या गालात हसत चहा पुढे ठेवला. "झालं तहसीलचं काम?"

"तुले माहीत होतं!"

"रोज दुपारी माह्या मोबाईलवर ती पिच्चर पाहते, न् तिच्या मोबाईलवर नवरा. मले माहीत नाही राहणार?" इंदू म्हणाली. "पोरगी हसते का रडते, बापाले दाराबाहेरून समजत नसते. दार वाजवा लागते."

दुसऱ्या दिवशी दोन वाजता हेमराजनं क्रेटच्या खोलीचं दार वाजवलं. डिंपलनं एक क्रेट उलटा करून त्याला बसायला दिला. पिच्चरचा शेवटचा अर्धा तास उरला होता. तिकडून गजेंद्र, इकडून ही दोघं, एक-दोन-तीन. शिंपिणीचं लग्न भलत्याशीच ठरतं, नवरदेव घोडीवर बसतो, आणि घोडी त्याला उकिरड्यावर पाडून घोडीवाल्याच्या अंगणात जाऊन उभी राहते. शिंपिणीचा बाप धापा टाकत मागून येतो आणि म्हणतो, जनावराला कळलं, मला कसं कळलं नाही. गजेंद्र तिकडे खो खो हसत होता. डिंपल हसली नाही. हेमराजही नाही.

पिच्चर संपला. हेमराज क्रेटच्या फटीत बोट घालून बसला होता. "डिंपल, लग्नाच्या वेळी मी तुले विचारायले पायजे होतं."

"पायजे होतं, बाबा," ती म्हणाली. रागानं नाही, पण सोडूनही दिलं नाही.

"आता विचारतो. खुश आहेस?"

तिनं लगेच उत्तर दिलं नाही. त्याला ते बरं वाटलं. या वेळी ती विचार करून सांगत होती.

"खुश आहो, बाबा. खरंच आहो. पण हे नशीब चांगलं निघालं म्हणून. पुढच्या वेळी कोणतीही गोष्ट असली तर मले आधी विचारत जा."

"विचारीन," तो म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. कचरा गेला म्हणायची सोय नव्हती.

मोबाईलमध्ये गजेंद्र खाली मान घालून, ऐकलंच नाही असं दाखवत डबा उघडत होता. हेमराजनं मोबाईलसमोर दोन्ही हात जोडले आणि कपाळ बोटांना टेकवलं.

"मामाजी, हे काय करून राहिले!" गजेंद्र घाबरून उभाच राहिला.

हेमराजनं हात तसेच ठेवले. वैशाखात मांडवात त्यानं याच पोराचे पाय धुतले होते, ते भटजींनी सांगितलं म्हणून. आज त्याला कोणी सांगितलं नव्हतं.