कांडोळाची ओळख पटली

मी बोलतोय, अंबाजोगाईच्या डोंगरातलं एक पांढरंफटक झाड. उन्हाळ्यात माझी पानं झडतात, साल कागदासारखी सुटते. चांदण्यात मी लांबूनही चमकतो, म्हणून खालच्या वस्तीने मला भुताचं झाड ठरवलं.

यंदा चैत्रात, एका शनिवारी, कॉलेजची पोरं डोंगर चढून आली. बाकीची पुढे गेली, ऋतुजा तेवढी थांबली. पोरगी वनस्पतिशास्त्र शिकणारी. वाटेतली सगळी झाडं तिने नावानिशी सांगितली होती, माझ्यापाशी मात्र अडली. तिच्या मोबाइलने माझा फोटो घेऊन तीन वेगवेगळी नावं दिली.

शेजारच्या रानातला त्रिंबक म्हणाला, "कशाला डोकं शिणवता ताई? सोमवारी तोडणारच हाय मी त्याला. माझी दीपमाला लई भेती. लांबच्या वाटंनं शाळेला जाती."

"पण काका, झाड कोणतं आहे हे?"

"भुताचं. आजून काय पायजे?"

तिने माझं चांदणीसारखं लाल फळ तोडलं, तर त्याची लव बोटांत घुसली. तरी हात चोळत, हसत, फळ रुमालात बांधून घेऊन गेली.

दुसऱ्याच दिवशी ती आजीला घेऊन आली. भिवराबाई नुकत्याच ऊसतोडीवरून परतल्या होत्या. गुडघे धरत चढल्या आणि माझ्या सालीवर तळवा ठेवून उभ्या राहिल्या.

"फळ बगूनच वळकलं व्हतं," त्या म्हणाल्या. "आगं, ह्यो कांडोळ. बहात्तरच्या दुष्काळात आमी भावंडांनी ह्याच्या बिया भाजून खाल्ल्या. तवा जगलो."

कांडोळ! इतक्या वर्षांनी कुणीतरी मला माझ्या नावाने हाक मारली. फांद्यांच्या शेंड्यांपर्यंत शहारलो मी.

आवाज ऐकून त्रिंबक लेकीला घेऊन आला. भिवराबाईंनी वाद घातलाच नाही. तीन दगड मांडले, जाळावर फळांची लव जाळली, काळ्या बिया भाजल्या आणि पहिली दीपमालेच्या हातावर ठेवली.

दीपमालेने ती डोळे मिटून चावली. "शेंगदाण्यावानी लागतंय," म्हणाली, आणि हात पुढे केला.

त्रिंबकनेही खाल्ली. मग म्हणाला, "मावशी, आजून हायत का?"

सोमवार आला न् गेला. आता दीपमाला जवळच्या वाटेने जाते, आणि मैत्रिणींना माझ्याखाली बसवून माझं नाव पाठ करून घेते.

तुम्हालाही कधी वाटेत अनोळखी झाड भेटलं, तर घरातल्या एखाद्या जुन्या माणसाला घेऊन या. चढायला त्यांना वेळ लागेल. लागू द्या. आम्ही कुठे जातोय?